भाताच्या वाफेवरून सापडलेल्या सुंदराबाई

मी, पौर्णिमा नागेश उईके, वय ४३ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, राहणार पळसटोली, जिल्हा वर्धा. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, माझ्या सासूबाई सुंदरा जंगू उईके, वय ६८ वर्षे, हरवल्याची तक्रार मी काल संध्याकाळी दिली होती. त्या सापडल्या आहेत. जिवंत आहेत. बाहेर बाकावर बसल्या आहेत. हे आधी लिहून घ्यावे. सावकाश सांगा, असे मला शिपाई गुंजन मॅडम यांनी दोनदा सांगितले आहे.

माझे पती नागेश हिवाळ्यात शहरातल्या लोकांना गावामागच्या टेकडीवर फिरायला नेतात. जंगलात चूल पेटवायला मनाई असल्याने हे लोक आपोआप गरम होणारे जेवणाचे डबे आणतात. डब्याच्या तळाशी पुडी असते. तिच्यावर पाणी ओतून झाकण लावले की डबा फसफसतो, वाफ सुटते आणि वरच्या खणातला भात चटका बसेल इतका तापतो. लाकूड नको, ठिणगीची भीती नाही. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

जेवण झाल्यावर डबे, पन्न्या आणि पुड्या तिथेच पडून राहतात. मागच्या महिन्यात आमची एक गाभण शेळी पोट फुगून मेली. पोटात चकचकीत पन्नी निघाली. तेव्हापासून सासूबाई शेळ्यांमागे जाताना रिकामे पोते नेतात आणि कचरा वेचून आणतात. त्या माझ्या पतींना म्हणाल्या, "त्याईले सांग, आपलं उष्टं आपण घेऊन जा." पती म्हणाले, "गिऱ्हाईकाच्या हाती झाडू देऊ काय, माय?"

काल दुपारी सासूबाई पोते घेऊन गेल्या. दिवस मावळताना शेळ्या आपल्या आपण घरी आल्या. सासूबाई आल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत शोधून आम्ही ठाण्यात आलो. रात्री थंडी फार होती. रात्रीबद्दल मला काही सांगायचे नाही.

आज उजाडताच मी, माझे पती, वनरक्षक स्वप्निल कोवे व गावातील लोक टेकडीवर गेलो. पलीकडच्या नाल्यातून पांढरा धूर निघताना मला दिसला. मी ओरडले. कोवे साहेबही ओरडले, पण ते "आग! आग!" असे ओरडले, आणि आग झोडपायला हिरवी फांदी तोडून धावले. मी त्यांच्या पुढे धावले. चप्पल कुठे राहिली ते माहीत नाही.

नाल्याच्या कोरड्या वाळूत सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारी भरलेले पोते, आणि मांडीवर फसफसणारा डबा. साहेबांनी फांदी उगारलेलीच होती.

"कोणी पेटवलं इथं?"

"आग नाई रे बाप्पा, भात होय. ते झाड ठेव खाली."

घसरून पाय मुरगळल्याने त्यांना उठता येत नव्हते. कोणी ओझे नको म्हणून दोन न उघडलेले डबे नाल्यात टाकून गेले होते. एक त्यांनी काल सोबतच्या बाटलीतले पाणी ओतून तापवून खाल्ला आणि गरम डबा पदराखाली पोटाशी धरून ठेवला. दुसरा सकाळसाठी राखला. मी "आत्याबाई" एवढेच म्हणू शकले. त्या म्हणाल्या, "रडून काऊन राह्यली वं? गरम आहे तवर खाय." मी खाल्ला. मटार भात होता. मीठ जास्त होते. इतका चांगला भात मी कधी खाल्लेला नाही.

पती त्यांना पाठीवर घ्यायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "पयले पोतं घे."

"माय, तुले उचलू का कचऱ्याले?"

"मले एक पाय तरी धड आहे. पोत्याले तोही नाई."

शेवटी पतींनी त्यांना घेतले आणि पोते मी डोक्यावर आणले.

ठाण्यात सासूबाईंनी डबे टाकणाऱ्यांची तक्रार लिहून घ्यायला सांगितली, तेव्हा गुंजन मॅडम म्हणाल्या, "आजी, ज्या डब्यानं जीव वाचवला त्याचीच तक्रार?" सासूबाई म्हणाल्या, "वाचवला ना. तेही लिही. शेळी मेली तेही लिही. दोन्ही लिही."

तरी माझी हरवल्याची तक्रार व्यक्ती मिळाल्याने बंद करावी. सासूबाईंना पाय दाखवायला सावंगीच्या दवाखान्यात न्यायचे आहे, पण पोते ठाण्यात जमा करून घेतल्याशिवाय त्या उठत नाहीत. त्यात पाणी न लागलेल्या पुड्या असल्याने ते कोरड्या जागी ठेवावे. ते परत न्या, असे आम्हाला सांगण्यात आले. कुठे न्यायचे, ते सांगण्यात आले नाही.

वरचा मजकूर आम्हा दोघींना मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे आणि खरा आहे.

सही : पौर्णिमा ना. उईके

सुंदरा जंगू उईके यांचा अंगठा : पोते जमा झाल्यावर देईन म्हणतात.