खुलाशासाठी एक प्रत

मी, टपालबाई. खरे नाव पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत लिहून दिले आहे, पण त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. वय चोपन्न वर्षे, धंदा नोकरी, आमच्या भागाच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात लिपिक, राहणार कार्यालयाच्या मागच्या इमारतीत, दुसरा मजला. आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, कोणी बोलावले नसताना आपण होऊन ठाण्यात आले असून सांगते की,

कार्यालयात आलेले आणि गेलेले सगळे टपाल अकरा वर्षे माझ्याकडे आहे. आमदारांना सगळे ताई म्हणतात. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असल्या तरी मीही ताईच म्हणते. निवडून आल्या त्याच आठवड्यात ताईंनी नियम घालून दिला. आलेल्या प्रत्येक अर्जाला तीन दिवसांत पोच जायची, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याला अर्जाची एक प्रत खुलाशासाठी जायची. अकरा वर्षांत हा नियम मी एकदाही मोडू दिलेला नाही. माझ्या टेबलावरून एक अर्ज गहाळ झाला असे कोणी दाखवून द्यावे, मी कान पकडीन.

नाल्याकाठच्या वस्तीत दोन वर्षांपासून लोकांच्या हातापायांवर चट्टे उठतात आणि मुलांची पोटे बिघडतात. ताई या विषयाच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. त्यांनी तीन आरोग्य शिबिरे घेतली. नर्सबाईंना घरोघर पाठवून आजाऱ्यांची यादी केली, तिच्यात दोनशे चौदा नावे आहेत. नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे. नाल्याचे पाणी चार वेळा तपासले आणि चारही वेळा स्वच्छ निघाले. तपासणीची तारीख कारखान्याला आधी कळवावी लागते. त्यामुळे काय होत असेल ते शेंबड्या पोरालाही कळेल, पण ते कागदावर येत नव्हते.

या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता त्या कारखान्यातला झडपवाला कार्यालयात आला. टाक्यांच्या झडपा उघडण्याचे आणि बंद करण्याचे काम त्याच्याकडे आहे. नखांपर्यंत निळे हात. मला म्हणाला, "मावशी, ताई आहेत का? दोनच मिनिटं पाहिजेत. पाच नकोत, पाच मिनिटांत माझा धीर सुटेल." मी पाणी दिले. त्याने पेला उजेडात धरून पाहिला, मग स्वतःच हसला. "सवयच लागलीय बघा. आधी बघायचं, मग प्यायचं."

ताईंच्या खोलीत मी कपाटातून आजाऱ्यांची यादी काढत होते, त्यामुळे बोलणे माझ्यासमोर झाले. तो म्हणाला, "ताई, जेवणाची सुट्टी झाली की मागची झडप मीच उघडतो. माझ्याच हातानं रंगाचं पाणी नाल्यात सोडतो, आणि माझीच पोर खाली वस्तीत राहते. तिची पाठ बघवत नाही हो." त्याने चौदा महिन्यांच्या तारखा लिहिलेला अर्ज दिला. खाली सही केली होती. ताई म्हणाल्या, "येत्या सोमवारी मी हे सभागृहात मांडते. तोवर तुझं नाव या खोलीबाहेर जाणार नाही." तो गेल्यावर ताई लगेच अधिवेशनाला निघाल्या. गाडीच्या काचेतून मला म्हणाल्या, "बाई, तो अर्ज माझ्या कपाटात ठेव. नोंदवू नकोस."

मी ते ऐकले. मला ते पटले नाही. ताई घाईत काहीबाही सांगतात आणि आठ दिवसांनी मलाच विचारतात, पोच गेली ना? शिवाय नोंद नसलेला अर्ज आलाच नव्हता असे उद्या कोणीही म्हणू शकते. त्या माणसाचे आपण भलेच करतो आहोत असे मला वाटले. मंगळवारी सकाळी मी अर्ज नोंदवला, पोच लिहून ठेवली, झेरॉक्स काढली, आणि ‘सात दिवसांत खुलासा मिळावा’ असे पत्र जोडून ती प्रत आमच्या शिपायाच्या हाती कारखान्याच्या व्यवस्थापकांना पाठवली. प्रतीवर अर्जदाराचे नाव, पत्ता, सही सगळे होते.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता व्यवस्थापकांचा फोन आला. फार गोड बोलले. म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं नेटकं काम आमच्याकडे कोणाला जमत नाही. नाव, पत्ता, सगळं कसं जागच्या जागी." ऐकून मला बरे वाटले, हे मी लपवत नाही.

बुधवारी सकाळी दहा वाजता कारखान्याचा माणूस खुलासा घेऊन आला. त्यात दोनच वाक्ये होती. ‘अर्जदाराशी समक्ष चर्चा झाली. अर्जदाराची आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’ मी त्यावर ‘निकाली’ असा शिक्का मारला आणि फाईल बंद केली.

त्याच बुधवारी सकाळच्या पाळीला गेलेला झडपवाला अजून घरी आलेला नाही. दुपारी बारा वाजता बाहेर पडल्याची त्याची सही फाटकावरच्या वहीत आहे असे कारखाना सांगतो. त्याची सायकल आतच उभी आहे आणि डबा उघडलेला नाही. हे मला त्याच्या बायकोने सांगितले. ती काल सकाळी मुलीला कडेवर घेऊन कार्यालयात आली होती. म्हणाली, "मावशी, ताईंनी त्यांना कुठं लपवून ठेवलंय का? तसं असेल तर तोंडानं बोलू नका, नुसती मान हलवा." मी मान हलवली नाही. चहा दिला आणि ताईंना विचारते म्हणाले. मंगळवारी रात्री नवरा घरी खूश होता असेही ती बोलली. त्या दिवशी कारखान्यात त्याला कोणी हटकले नव्हते, साधे बोलावलेही नव्हते.

ती गेल्यावर मी फाईल पुन्हा काढली. खुलाशावर तारीख मंगळवारची आहे. म्हणजे तो लिहिला तेव्हा ती चर्चा अजून व्हायची होती.

संध्याकाळी ताईंना फोनवर सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "सकाळी ठाण्यात जा. काही झाकू नकोस. नियम माझा होता, तेही लिहून घ्यायला सांग." त्याप्रमाणे सांगितले. खुलाशाचा मूळ कागद आज ठाण्यात जमा केला आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. ठाण्याच्या साहेबांनी त्यात ‘अनवधानाने प्रत पाठवली’ असे घातले होते. ते माझ्या भल्यासाठीच असणार, पण मी ते काढायला लावले. पाकीट बंद करण्यापूर्वी मी पत्ता दोनदा वाचला होता. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही करण्याआधी आणखी सांगते की, वाचन मोठ्याने झाले आणि खोलीचे दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर झडपवाल्याची बायको बसून होती, हे मला ठाऊक नव्हते. ती दारात येऊन उभी राहिली. हवालदारांनी तिला बाहेर जायला सांगितले, ती गेली नाही. मला म्हणाली, "मावशी, परत वाचायला सांगा. पहिल्यापासून." साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणाले. त्यावरून हा जबाब तिच्यासमोर दुसऱ्यांदा वाचण्यात आला. तो खरा आहे.