अडीच एमएमची तार

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक 12/02/2025, सकाळी 11.20 वा.

नाव शंकरसिंग हिरासिंग राठोड, वय 56 वर्षे, धंदा मोटार रिवाइंडिंग व वायरिंग, राहणार गोरेगाव.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी मीना हिच्यासह राहण्यास असून तीस वर्षांपासून बाजारात माझे रिवाइंडिंगचे दुकान आहे. दिनांक 09/02/2025 रोजी याच प्रकरणात मी जबाब दिला होता. त्यातील काही मजकूर चुकीचा आहे. तो दुरुस्त करून घ्यावा म्हणून आलो आहे.

गावातील रामप्रसाद सखाराम पोले हे जनावरांचे खासगी कृत्रिम रेतन केंद्र चालवतात. वळूच्या वीर्याच्या कांड्या तेथे द्रव नायट्रोजनच्या टाकीत बुडवून ठेवतात. हा नायट्रोजन उणे 196 अंश थंड असतो व तो संपला की कांड्या मरतात. मोठ्या टाकीत त्यांच्या लाल कंधारी वळूच्या 62 कांड्या होत्या. तो वळू पोळ्यानंतर मेला, त्यामुळे त्या वंशाचे तेवढेच शिल्लक होते. हिंगोलीहून जीपने नायट्रोजन आणून टाकी भरण्याचे काम शेख मुबश्शीर शेख जमील, वय 41, हे नऊ वर्षांपासून करतात.

नायट्रोजन कमी झाला की भोंगा वाजावा, असे एक किट रामप्रसाद यांनी मागवले. त्यातील सेन्सर टाकीत सोडायचा व त्याच्या चार तारा बुचातून बाहेर काढून भिंतीवरच्या पेटीला जोडायच्या. किटमधील तारा पेटीपर्यंत पुरत नव्हत्या म्हणून दिनांक 03/01/2025 रोजी दुपारी मला बोलावले. त्या तारा केसासारख्या बारीक होत्या. मला पाहून हसू आले. आमच्याकडे व्होल्टेज कमी असते, बारीक तार तापते आणि मोटार जळते. म्हणून हात सढळ ठेवायचा आणि जाड तांबे घालायचे, हेच मी आयुष्यभर केले. मध्ये सांधा ठेवणे तर मला मुळीच आवडत नाही. मी बारीक तारा सेन्सरपासूनच काढून टाकल्या आणि घरच्या वायरिंगची अडीच एमएमची, पीव्हीसी कव्हरची तांब्याची तार चारही ठिकाणी आतपर्यंत लावली.

त्या वेळी मुबश्शीर टाकी काठोकाठ भरून तेथेच हजर होते. ते म्हणाले, "राठोडभाऊ, हिंगोलीचा मेकॅनिक सांगून राहिला होता, आतली तार बारीकच पायजे. वरचं कव्हर टेफलॉनचं हाय, ते थंडीत तडकत न्हाई. तुमची जाड तार बाहेरून जोडा."

मी म्हणालो, "मुबश्शीर, तू जीप चालव. तार मला शिकवू नको." जमलेले लोक हसले. मुबश्शीर यांनी खाली पडलेल्या बारीक तारा उचलल्या, गुंडाळल्या आणि खिशात ठेवल्या. ही गोष्ट मी मागच्या जबाबात सांगितली नाही. मला कोणी विचारली नव्हती हे खरे, पण विचारू नये असेच मला वाटत होते, हेही खरे.

पूर्वी रामप्रसाद दर सोमवारी लाकडी पट्टी बुडवून नायट्रोजन मोजत. भोंगा बसल्यावर मीच म्हणालो, "आता पट्टी ठेवून द्या, माझी तार जागी हाय." त्यांनी पट्टी ठेवून दिली.

भरलेली टाकी पूर्वी तीन महिने चालत असे. दिनांक 08/02/2025 रोजी रामप्रसाद यांनी टाकी उघडली तेव्हा ती कोरडी होती. पेटीवर हिरवा दिवा चालू होता व भोंगा एकदाही वाजला नव्हता. नायट्रोजन चोरून विकला, असा संशय त्यांनी मुबश्शीर यांच्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी मी जबाब दिला की, माझी तार कंपनीच्या तारेपेक्षा मजबूत असून नायट्रोजन कोणी काढल्याशिवाय जाणार नाही. त्या दिवसापासून मुबश्शीर यांना रोज सकाळी ठाण्यात बोलावून संध्याकाळी सोडतात. उद्या अटक होणार असे बाजारात बोलले जाते. माझ्या दुकानासमोरूनच ते पायी येतात. जीप रामप्रसाद यांनी थांबवली आहे. मी दोन दिवस त्या वेळेला आत जाऊन बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मनाला सांगत होतो.

काल सकाळी 9 वाजता मुबश्शीर यांची आई खतीजाबी, वय 67, दुकानात आल्या. मी स्टूल पुढे केले, त्या बसल्या नाहीत. त्यांनी बारीक तारांचे वेटोळे माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "माझा पोरगा तुमाला हीच तार लावा म्हणून राहिला होता का न्हाई, येवढंच सांगा." मी व्हय म्हणालो. त्या म्हणाल्या, "मंग ठाण्यात काहून न्हाई सांगितलं?" त्या वेटोळे तेथेच ठेवून गेल्या.

मी लगेच दुकान बंद करून प्रवासी जीपने हिंगोलीला गेलो. ओळखीच्या नायट्रोजनवाल्याकडून थर्मासमध्ये थोडा नायट्रोजन घेतला व त्याच्यासमोर दोन्ही तारा बुडवल्या. बारीक तार बाहेर काढून वाकवली, तिला काही झाले नाही. माझी तार वाकवताच वरचे कव्हर पापडासारखे मोडले आणि तांबे उघडे पडले. ती बुडवलेली असताना तिचे दुसरे टोक माझ्या बोटांत होते. थोड्या वेळात ते इतके गार पडले की सोडावे लागले. गरम चहात ठेवलेल्या चमच्याचा दांडा तापतो, तसेच हे, फक्त उलटे. जाड तांब्यातून बाहेरची उष्णता सतत आत जात होती आणि नायट्रोजन उकळून उडत होता. नायट्रोजनवाला म्हणाला, "सेन्सर थंड असला की त्याचा रेझिस्टन्स कमी असतो. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की तो कमीच दिसतो आणि पेटीला वाटते आत थंडच आहे." म्हणून भोंगा वाजला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते येथे माझ्या सहीने होत होते.

आणखी एक सांगायचे आहे. दिनांक 03/01/2025 रोजी तार आत सोडल्यावर बूच नीट बसेना, म्हणून मी ती तार तोंडाशी दाबून वाकवली. तेव्हा कट असा बारीक आवाज आला. मी तो ऐकला होता. मुबश्शीर यांनीही ऐकला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बूच दाबले व निघून आलो.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांनी आवाजाचे हे वाक्य ठेवायचे का, असे विचारले. ठेवा, असे मी सांगितले.

टाकीतून नायट्रोजन कोणी चोरलेला नाही. 62 कांड्या माझ्या कामामुळे गेल्या व त्या आता कोणालाही परत आणता येणार नाहीत. दोन्ही तारांचे तुकडे मी आज हजर केले आहेत. मुबश्शीर बाहेर बाकावर बसलेले आहेत. आधी हे लिहून व्हावे, मग त्यांच्याशी बोलावे, म्हणून मी सरळ आत आलो.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मागचा जबाबही असाच वाचून दाखवला होता आणि तोही बरोबर आहे म्हणून मी सही केली होती. तो बरोबर नव्हता. हा आहे.

सही/-
शंकरसिंग हिरासिंग राठोड