रिकाम्या गाडीचं वजन

— बरोबर आहे तारीख. दोन हजार पंधरा, थंडी सरत आली होती, सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी या खोलीचा पत्रा तापायचा. मंगळवार होता. तुमच्या त्या यादीत वार दिसत नसेल, पण मंगळवारच. फाइल अजून तिथेच आहे ना, कोंडलेली? असणारच. मी पुसू दिली नाही कोणाला. अँटिव्हायरसवाला दर वर्षी विचारायचा, आजोबा, जुनं साफ करू का? मी म्हणायचो, हात लावू नकोस, तो पुरावा आहे. बसा बाई, कॉम्प्युटर तपासायला आलात, उभ्या का? ती खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही कोणाला.

काय विचारलंत? कोणाचा प्रोग्राम? भावाचा. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा. हा वजनकाटा माझा. गाडी भरलेली येते, काट्यावर चढते, वजन होतं, माल उतरवून रिकामी येते, परत वजन. दोन्हीची वजाबाकी म्हणजे माल. माझी शाळा चौथीत सुटली, पण आकडा वाचता येतो, या धंद्यात तेवढं पुरतं. आधी पावत्या हाताने लिहायचो. मग धाकट्याने हा प्रोग्राम केला — कुठून विकत नाही आणला, स्वतः बसून केला, सहा महिने. आकडा थांबला की पावती बाहेर. लांबलांबचे काटेवाले बघायला यायचे. मी कौतुक नाही केलं. घरच्या माणसाचं तोंडावर करू नये.

मग वजनं कमी यायला लागली. कधी चाळीस किलो, कधी साठ. व्यापारी दारात येऊन बोलायला लागले, म्हातारा काटा मारतो. मला. चाळीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं. आणि त्याच मंगळवारी पडद्यावर लाल चौकोन आला. समोरच्या गोदामाच्या कारकुनाकडून वाचून घेतला — धोका आहे, फाइल कोंडली आहे. आणि नाव? धाकट्याच्या प्रोग्रामचं. आता मी काय समजायचं? गिऱ्हाइकाला मी जन्मभर एकच सांगत आलो, यंत्राशी वाद घालायचा नाही, दिसतो तो आकडा खरा. ते लाल दिसलं, ते मी खरं धरलं. न धरून सांगतो कोणाला?

धाकटा म्हणाला, "दादा, घरी केलेला प्रोग्राम आहे, त्याच्यावर कुठल्या कंपनीची सही-ओळख नाही, म्हणून अँटिव्हायरस त्याला संशयाने धरतो. काही वाईट नाही त्यात. कोणा जाणकाराला दाखव." मी म्हटलं, "चोराच्या उलट्या बोंबा." एवढंच बोलणं झालं. तो चप्पल घालून गेला. संध्याकाळी मी ती पाटी रंगवली — बाहेर, फाटकापाशी, येताना बघितलीत ना? ‘धाकट्या भावाने काट्याच्या प्रोग्राममध्ये खोट केली. त्याचा या काट्याशी संबंध नाही.’ लाल रंगात. दर वर्षी परत रंग देतो. ऊन खातं ना अक्षरं.

तुम्ही तेच म्हणताय जे तो म्हणाला होता. घरी केलेला, सही नाही, म्हणून धरला. ती फाइल किती अँटिव्हायरसांवर तपासून बघितलीत? पन्नासच्या वर? आणि सगळीकडे स्वच्छ? हं.

नाही, बरा आहे मी. पाणी नको.

तो दगड? तो कागद उडू नयेत म्हणून. — काट्याखालचा आहे. प्रोग्राम बंद, पावत्या परत हाताने, तरी आकडा कमीच यायचा. दोन वर्षांनी खड्डा साफ करायला मी स्वतः खाली उतरलो, तेव्हा काट्याची लोखंडी फळी आणि कट्टा यांच्या फटीत अडकलेला होता. थोडं वजन तो दगडच उचलायचा, म्हणून आकडा कमी. काढला आणि काटा सरळ झाला. कोणाला सांगितलं? नाही सांगितलं. का म्हणजे? लाल चौकोन होताच की. दगड होता म्हणून चौकोन खोटा होतो का? असं मनाशी म्हटलं. सात वर्षं म्हटलं. रोज या टेबलावर बसून, दगड समोर ठेवून.

ही दुसरी यादी कसली? परवानगी दिलेल्या फायली. त्यात काय आहे? एकच? — तो पत्त्यांचा खेळ आहे. दुपारी गाड्या नसतात तेव्हा खेळतो. त्यालाही लाल चौकोन आला होता, मग मीच सोडवला. वरून तिसरं बटण. मला वाचता येत नाही ते इंग्रजी, पण जागा पाठ आहे. काय? त्याच्यातच खरी घाण आहे? — बरं. काढून टाका.

हसू नका. हसा, हरकत नाही.

धाकटा आहे की. कुठे जाणार? पाटी वाचून दुसऱ्या कुठल्या काट्यावर कोणी ठेवला नाही त्याला. गोदामाच्या गाडीवर हमाली करतो, या वयात. गाडी सकाळी भरलेली जाते, चारला रिकामी येते. फाटकापाशी धाकटा खाली उतरतो, कडेकडेने चालत पलीकडे जातो, गाडी काट्यावरून उतरली की परत चढतो. नऊ वर्षं. माझ्या काट्यावर पाय ठेवलेला नाही त्याने. म्हणून रिकाम्या गाडीचं वजन मला पाठ — पाच हजार चारशे ऐंशी. डिझेलने दहा-वीस इकडेतिकडे, त्यावर नाही.

ती फाइल सोडवा. परवानगीच्या यादीत घाला, नाहीतर उद्या परत कोंडेल. जोडा काट्याला. आजची पावती त्याच्यावर निघू दे. मला एक पैशाचं देणं नाही कोणाचं, बाई, पण त्याचं नाव मी घेतलंय आणि परत दिलेलं नाही. किती वाजले? साडेतीन. रंग आहे. शिडी धरा जरा, बाहेर चला.

— घट्ट धरा. नाही, आधीचं खोडायचं नाही. ते राहू दे, हे खाली. लोकांना दोन्ही दिसली पाहिजेत. अक्षरं तेवढीच मोठी, रंग तोच. वाचा बरं. ‘खोट नव्हती. मी चुकलो. काटेवाला.’ उकार बरोबर आहे ना? मग झालं. जास्त लिहून काय, पाटी आहे, पत्र नाही. शिडी हलतेय, धरा.

चला आत. आली गाडी.

फाटकापाशी थांबली ना? थांबू दे. तिकडे बघू नका. मीपण बघत नाही. आपण पडद्याकडे बघायचं, तेच आपलं काम. — भोंगा नाही वाजवला. दार वाजलं का? तुम्हाला ऐकू आलं? मला नाही आलं.

चढली. आकडा हलतोय, हलू दे, थांबेपर्यंत बटण दाबायचं नाही, धाकट्यानेच केलंय तसं, घाई केली तर पावती देत नाही. थांबा. थांबा अजून.

पाच हजार पाचशे चाळीस.

परत वाचा तुम्ही. — तेच ना?

काढा पावती. द्या इकडे, मी नेऊन देतो. तुमची पिशवी खुर्चीवर राहिलीय. या आता.