दोन साखळ्यांचा झोपाळा

...आणि वर मलाच विचारतो, ‘बसणार कोण?’ ऐकलंत? बसणार कोण! अहो, गिऱ्हाईक दारात आलंय, वस्तू मागतंय, आणि दुकानदार विचारतोय बसणार कोण! माझी म्हैस बसेल, तुला काय करायचंय? असं मनात म्हटलं हं. तोंडानं म्हटलं, ‘मुलीचं लग्न आहे, झोपाळ्याच्या पितळी साखळ्या हव्यात, दोन.’ तर चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, ‘दोन? दोन साखळ्यांवर केळीचा घड बसतो, सार. मुलगी नाही बसत.’ तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं, बत्तीस वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नाही. आणि मी काय मागितलं होतं? साखळी घ्यायला गेलो होतो हो मी, साखळी!

थांबा, कोण मी ते तर सांगू द्या. मी हनुमंतराव. कुंभकोणमचा. हसताय काय? नाव हनुमंतराव, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि संतापलो की दोन्ही एकदम. आमचं मराठी तुम्हाला पणजोबांच्या पत्रासारखं वाटतं, ठाऊक आहे मला, पण आता आलातच आहात ऐकायला तर ऐका.

तर आमच्याकडे लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवतात. बायका गाणी म्हणतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून चारी दिशांना टाकतात, त्यातला एक गोळा हमखास माझ्या टकलावर पडतो, तर असो. माझी मुलगी मधुमिता. जावई विघ्नेश, इथलाच, चोळपुरम्‌चा, गुणी मुलगा आहे, फार बोलत नाही, टिकेल. लग्नाला उरले तीन आठवडे. आणि आमच्या महालक्ष्मीनं, म्हणजे बायकोनं हो, जाहीर केलं, ‘मंडपवाल्याच्या स्टीलच्या साखळ्यांवर माझी मुलगी बसायची नाही. मामंजींच्या पितळी साखळ्या. चारही.’

चारही! आता ही मेख ऐका. चार साखळ्या आहेत कुठे? घरात आहेत दोनच. दोन माझ्याकडे, दोन धाकट्या भावाकडे, वरदराजकडे, मद्रासला. का? तर वाटणी! वडील गेल्यावर आमचे वैद्यनाथमामा वाटणी करायला बसले. मी म्हटलं झोपाळा थोरल्याच्या घरी शोभतो. वरदू म्हणाला का, मी काय वाऱ्यावर आलो? शब्दानं शब्द वाढला, आणि मामांनी न्याय दिला, सगळं समान! म्हणजे काय? पाटा मला, वरवंटा त्याला. अडकित्ता मला, पानाचा डबा त्याला. आणि झोपाळा? फळी मला, साखळ्या दोन-दोन! मी गणिताचा मास्तर, भागाकार बरोबर होता हो, बाकी शून्य. पण बसायचं कुठं? त्या दिवसापासून अकरा वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या साखळ्या मद्रासच्या फ्लॅटमध्ये पलंगाच्या पेटीत, कारण तिथल्या छताला पंखासुद्धा घाबरत लटकतो. आणि माझ्या? एका साखळीनं मी फाटक बांधतो. दुसरीवर केळीचा घड. म्हणून तर तो दुकानदार बोलला तेव्हा इतकं झोंबलं!

महालक्ष्मी म्हणते, ‘मागा की भावोजींकडे.’ मी? मी मागू? थोरला मी! ‘मग न्या मुलीला फळीवर बसवून डोक्यावरून,’ असं म्हणून ती आत गेली. म्हणून दुकान. साखळी घ्यायला गेलो होतो हो मी, साखळी, भांडायला नाही!

सारंगपाणी देवळाच्या मागच्या गल्लीत ते दुकान आहे. जुन्या वस्तूंचं. आत शिरायचं तर पोट आत घ्यावं लागतं. समया, घंगाळं, बिनकाट्यांची घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचा फोटो, आणि मधोमध मालक राजगोपाल, सत्तरीचा, अंगात बनियन, मांडीवर मांजर. डोक्यावर पाटी, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मला हसू आलं. अहो, परत घ्यायला आधी विकावा लागतो! हा माणूस विकतच नाही! माझ्यापुढे तिरुनीलक्कुडीच्या एक बाई उभ्या होत्या, गंगाबाई, समई हवी होती बिचारीला. हा विचारतो, ‘घरात तेल रोज कोण घालणार? तुम्ही की सून?’ बाई म्हणाल्या सून. ‘मग सुनेला घेऊन या.’ समई काढून घेतली हातातून! आणि ती बाई चक्क ‘बरं’ म्हणून निघाली, वर नमस्कार करून!

मग माझी पाळी. ‘उक्कारुंगो,’ म्हणाला, म्हणजे बसा. बसलो. कॉफी आली. मी म्हटलं कॉफी नको, साखळी. ‘कॉफी प्या. साखळी कुठं पळते?’ प्यालो. चांगली होती, खोटं कशाला बोलू. मग चौकशी सुरू. झोपाळा कुणी केला होता? फळी सागाची की फणसाची? पहिला कोण बसला? शेवटचा कोण उठला? तुम्हाला सांगतो, जावयाला पसंत करताना मी इतकं विचारलं नव्हतं! शेवटी म्हणाला, ‘नमुना दाखवा.’ मी पिशवीतून माझी साखळी काढली, फाटकाची. हत्ती, मोर, समईवाली बाई, पोपट, सगळं त्यानं बोटानं चाचपलं, मग पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. मांजरसुद्धा उठून बसलं.

‘अशीच आहे माझ्याकडे,’ म्हणाला. ‘जोडी आहे.’

अहो, मी उडालोच! कुठं आहे? त्यानं मागं बोट केलं. घड्याळांच्या मागे दोन साखळ्या लोंबत होत्या. हत्ती, मोर, बाई... आणि पोपट. चोच नसलेला पोपट!

आता तुम्ही म्हणाल, असेल एखादा बिनचोचीचा पोपट. नाही हो! तो पोपट मी ओळखतो. माझ्या पाठीला ठाऊक आहे तो पोपट. मी नऊ वर्षांचा, वरदू सातचा, त्यानं भोवरा फेकून त्या पोपटाची चोच उडवली, आणि वडिलांनी मार कुणाला दिला? मला! थोरला ना मी! म्हणजे ह्या वरदूच्या साखळ्या. वरदूनं विकल्या! वडिलांच्या साखळ्या, बाजारात, घड्याळांच्या मागे! म्हटलं, किती हवे तुला, बोल, आत्ता उचलतो ह्या, आणि जन्मात त्या माणसाचं तोंड बघणार नाही!

राजगोपाल म्हणतो, ‘विकायच्या नाहीत.’

नाहीत? नाहीत म्हणजे? ‘नमुना आहे, सार. मद्रासचं एक गिऱ्हाईक ठेवून गेलंय. तेही दोनच साखळ्या मागतंय, ह्यांच्याशी जुळणाऱ्या.’ मी म्हटलं, त्याला कशाला हव्यात? त्याच्या छताला पंखा टिकत नाही! तर हा मांजराला कुरवाळत, अगदी सावकाश, वरदूसारखाच नाकात बोलत म्हणाला, ‘पुतणीचं लग्न आहे म्हणाला. पूर्ण झोपाळा द्यायचाय म्हणाला, चार साखळ्यांचा. म्हटलं भावाकडून दोन मागून घ्या. तर म्हणाला, अण्णा द्यायचा नाही, आणि मी मागायचा नाही.’

...

पुतणी म्हणजे माझी मधुमिता! डोळ्यांत पाणी आलं, हो, आलं, सांगायला लाज कसली? मी इथं दोन शोधतोय, तो तिथून येऊन दोन शोधतोय, आणि चारातल्या तीन एकाच दुकानात! राजगोपालनं माझी साखळीसुद्धा काढून घेतली. ‘दुसरीही आणून टाका. शुक्रवारी या. जुळतात का बघतो.’ मी म्हटलं, त्या मद्रासवाल्याला कधी बोलावलंय? ‘कुणाला?’ म्हणाला. असा बेरकी माणूस!

घरी आलो, महालक्ष्मीला सांगितलं. ती हसली. नुसती हसली, आणि दुसऱ्या साखळीवरून केळी काढायला लागली. ती साखळी मी दुसऱ्याच दिवशी दुकानात टाकून आलो. शुक्रवारी सकाळी नवा सदरा काढून ठेवलेला. मी म्हटलं, साखळी घ्यायला चाललोय, साखळी, सदरा कशाला? ‘घाला,’ म्हणाली. घातला.

दुकानात पोट आत घेऊन शिरतो तर समोर वरदू! नवा सदरा! केस पांढरे झालेले, पोट माझ्यापेक्षा मोठं, ते एक बरं वाटलं. तो मला बघतोय, मी त्याला बघतोय, बोलायचं आधी कुणी? थोरला मी, मी का बोलू? त्याचंही तेच चाललं असणार, चेहऱ्यावर लिहिलं होतं. आणि वर चारही साखळ्या छताला टांगलेल्या, चकचकीत, खाली कुठली तरी जुनी फळी. राजगोपालनं फळीकडे हात केला, ‘उक्कारुंगो.’

बसलो. दोघं. पाठी फिरवून, मी देवळाकडे तोंड करून, तो भिंतीकडे. झोपाळा हलला. कर्र... करर... तोच आवाज हो! लहानपणीचा, दुपारचा, वडील झोपलेले असतानाचा! आणि अकरा वर्षांनी माझा भाऊ पहिलं वाक्य काय बोलला असेल? अण्णा, चुकलो? अण्णा, कसा आहेस? छे! वर बघत म्हणतो, ‘त्याची चोच तू मोडलीस.’

मी? मी मोडली? अरे भोवरा कुणाचा होता? ‘भोवरा माझा, फेकलास तू!’ अरे मार कुणी खाल्ला? ‘मीसुद्धा खाल्ला, तू शाळेत गेल्यावर!’ हे मला ठाऊकच नव्हतं! तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षांचं सगळं बाहेर आलं, पाटा, वरवंटा, अडकित्ता, वैद्यनाथमामा, दोघं ओरडतोय, झोपाळा गदागदा हलतोय, मांजर पळालं, रस्त्यावर माणसं जमली. गंगाबाई सुनेला घेऊन आलेल्या, त्या दोघी दारात उभ्या राहून बघतायत!

शेवटी राजगोपाल उठला. भिंग आणलं. पोपटाला लावलं. म्हणाला, ‘मोडलीच नाही.’ काय? ‘चोच मोडली असती तर खडबडीत लागली असती. हात लावा. गुळगुळीत आहे. ओततानाच साच्यात रस पोचला नाही. हा पोपट जन्मल्यापासून बिनचोचीचा.’

मी हात लावला. वरदूनं हात लावला. गुळगुळीत! आधी वरदू हसला की मी, ते आता सांगता येत नाही, पण असे हसलो, असे हसलो, की मला उचकी लागली आणि त्यानं माझ्या पाठीवर धपाटे घातले, अगदी वडिलांनी मारायचे त्याच जागी. मग रडलो. मग राजगोपालनं कॉफी दिली, आणि चार नव्या कड्या मात्र आमच्या गळ्यात मारल्याच.

लग्न झकास झालं. मधुमिता त्याच झोपाळ्यावर बसली, काकानं स्वतः झोका दिला, भाताचा गोळा माझ्याच टकलावर पडला. सगळं छान.

पण पुढे? झोपाळा टांगला माझ्या घरी. आणि वरदू म्हणाला, अर्धा माझा आहे. दर शुक्रवारी मद्रासहून येतो. सोमवारी जातो. तीन दिवस झोपाळ्यावर आडवा! अर्ध्यावर नाही, अख्ख्यावर! तिथूनच ओरडतो, ‘वहिनी, कॉफी!’ आणि पहिला पेला त्याला, दुसरा मला! घोरतो. कर्र... करर... आणि मी, थोरला, घरमालक, प्लास्टिकच्या खुर्चीवर! आता तर म्हणतो रिटायर झालो की इथंच येतो कायमचा, वरवंटासुद्धा घेऊन येतो.

परवा गेलो राजगोपालकडे. म्हटलं, बाबा रे, साखळी घ्यायला आलो होतो मी, साखळी, तू भाऊ बांधून दिलास! घे परत! त्यानं मांजराला कुरवाळत नुसतं बोट वर केलं, पाटीकडे, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

चला, निघतो मी. आज शुक्रवार. त्याची बस येईल, आणि स्टँडवर मी दिसलो नाही तर रुसतो तो.