हैबतरावांनी गोळ्याला पॉलिश मारलं

...नाय, पण मी म्हणतो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचाच कशाला? सांगा ना! पण आमच्या शेजारच्या हैबतरावांना सांगणार कोण? पेणला तीस वर्षं गणपतीचा कारखाना, म्हणून जगात जे जे खरखरीत दिसेल ते घासून गुळगुळीत करायचा ठेका जणू देवानं यांनाच दिलाय!

तुम्हाला सांगतो, यांची मुलगी रोहिणी रोह्याला कंपनीत, लॅबमध्ये. तिथलाच सुजय तिनं पसंत केला. पोरगा घरी आला बोलणी करायला, तर हातात काय? नारळ? पेढे? छे! पिशवीतनं सात किलोचा गोळा काढून टीपॉयवर ठेवला. लांब लाकडी पट्टीवरनं लोटून टोकाच्या दहा पिना पाडायच्या, त्या बोलिंगचा! कंपनीच्या टीममध्ये खेळतो म्हणे. आणि लागला की सांगायला, "काका, हा साधा गोळा नाय. आत वजनाचा गड्डा असतो, तोही मुद्दाम वेडावाकडा, म्हणून फिरताना डुलतो. लेनवर अलीकडं तेल असतं, पलीकडं कोरडं. तेलावरनं नुसता घसरत जातो, कोरडं आलं की ह्याची खरखरीत साल पकड घेते, मग हा वळतो आणि बरोब्बर पिनांच्या मधोमध शिरतो!"

"गोळा म्हणजे गोळा!" हैबतराव म्हणाले. "ढकलला की जातो. त्यात साल काय नि गड्डा काय? फणस हाय काय तो?"

आणि वर ऐका! "गोळे लोटणाऱ्याला मी मुलगी देऊ? चल, रविवारी कोलाडला, त्या बोलिंगवाल्या रिसॉर्टात. जिंकलास तर रोहिणी तुझी. हरलास तर परत ह्या उंबऱ्यावर दिसायचं नाय!" आता मुलगी म्हणजे काय पैजेवर लावायची वस्तू? पण बोलून बसले. रोहिणीनं काय केलं? गोळा उचलला, "राहू दे इथंच, रविवारी परस्पर नेऊ," म्हणाली, आणि कारखान्यात नेऊन ठेवला. कुठं? तर रंगवून झालेल्या मूर्तींच्या रांगेत, अगदी मध्ये!

झालं... माणसानं सहन तरी किती करायचं? येता-जाता नजर तिथंच. एवढा महागाचा गोळा आणि अंगावर सगळे ओरखडे! "बिनफिनिशिंगचा माल माझ्या कारखान्यातनं बाहेर जाणार? लोक काय म्हणतील?" शनिवारी बसले मांडी घालून. जाडा पॉलिश पेपर, बारीक पॉलिश पेपर, मग वॉर्निशचे दोन हात, वर मऊ फडक्यानं चोळलं. असा चकाकला, की स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या त्यात! मी म्हटलं, "अहो, त्याला विचारलं का?" तर म्हणे, "विचारायचं काय? गोळा म्हणजे गोळा!"

रविवारी कोलाडला सुजयनं पिशवी उघडली. चेहरा बघायला पाहिजे होता पोराचा! पण एक शब्द? नाय. होणाऱ्या सासऱ्याला बोलणार काय? हैबतरावांनी रिसॉर्टचाच प्लॅस्टिकचा गोळा घेतला, दोन्ही हातांनी, गोणी ढकलावी तसा ढकलला. गेला सरळ, पडल्या सात पिना! सुजय आपला सवयीनं कडेकडेनं टाकतोय, तो आता वळेल, मग वळेल... कसला वळतोय! घसरत घसरत थेट लेनच्या कडेच्या गटारात. परत टाकला, परत गटारात. दहा डाव झाले, हैबतराव एक्क्याण्णव आणि पोरगा चौतीस!

"बघितलंत? गोळा म्हणजे गोळा!" हैबतराव मिशीवर ताव देत ओरडले. "का रे, वळणार होता ना तो?"

"आज नशीब नव्हतं, काका," सुजय म्हणाला आणि गोळा तिथंच टाकून, रिकामी पिशवी उचलून निघालाच. खरंच निघाला हो!

हैबतरावांचा हात मिशीवरच राहिला. त्या चकचकीत गोळ्याकडं बघितलं, आणि पेटला एकदाचा दिवा! अहो, गुळगुळीत मूर्तीवर रंग धरत नाय, आधी घासून खरखरीत करावी लागते, हे रोज कारागिरांना ओरडून सांगणारा माणूस हा! पकड मीच काढली की ह्याची, हे कळलं आणि मान खाली गेली. तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत त्यांची मान खाली गेलेली मी बघितली नव्हती.

"थांब रे बाबा," म्हणाले. "तुला मी हरवलं नाय, माझ्या वॉर्निशनं हरवलं. आणि तू कळून गप्प बसलास. रोहिणी... दिली तुला."

रोहिणी हसतेय! हैबतराव चिडले, "हसतेस काय गो?"

"बाबा, तुम्ही हरला असतात तर जन्मभर धुसफुसला असतात. तुमचं चुकलं की मगच तुम्ही मनापासून हो म्हणता. म्हणून तर गोळा मूर्तींत ठेवला, तुम्ही घासणार हे ठाऊकच होतं."

हैबतरावांनी रुमाल काढून गोळा पुसला. मग उसनं अवसान आणून म्हणाले, "बरं. पण तारीख मी ठरवणार!"

"लग्नाचा हॉल रोह्याजवळ, अष्टमी गावात घेतलाय, बाबा. गेल्या महिन्यातच. बावीस तारीख. तेवढा त्या दिवशी कारखाना बंद ठेवा."