एकाच पायरीवरून

(सतरा मे, नॉर्वेच्या राष्ट्रीय सणाची दुपार. बर्गनमधल्या एका हॉस्पिटलबाहेरचा बसथांबा. सिग्नी आणि तिचा धाकटा भाऊ हाल्वर.)

हाल्वर : हाताचा एक्स-रेच काढला नाही? मग एवढा वेळ आत काय करत होते ते?

सिग्नी : माझी चौकशी. तुझ्या भुवईला टाके घालताना काय म्हणाले डॉक्टर?

हाल्वर : विशेष काही नाही. सकाळपासून किती झाली, म्हणाले. मी म्हटलं, मामाकडच्या नाश्त्यालाच मोजणं सोडलं. हसले. सण आहे, चालायचंच, पण पुढच्या वेळी कठडा धरून उतरा, म्हणाले.

सिग्नी : वा. आणि मी घेतला होता एक ग्लास. जिन्यावर तू घसरलास आणि मला घेऊन खाली आलास, तेही सांगितलं. नर्स आधी गोड होती अगदी. माझ्या पोशाखाची चांदीची बटणं हलक्या हाताने सोडवली तिने. मग कॉम्प्युटरवर जुनं वाचलं. गोळ्यांच्या व्यसनाचं.

हाल्वर : त्याला किती वर्षं झाली! तेव्हा तुझी ऊनी रांगतही नव्हती.

सिग्नी : त्यांच्या लेखी मी कालच सोडल्यात. आवाजच बदलला बाईचा. मुलगी कुठाय, कुणाजवळ ठेवलीय, घरात बाटल्या असतात का. तुझी पोरं कुठायत, विचारलं तुला कुणी?

हाल्वर : नाही.

सिग्नी : नाहीच विचारणार. बाप प्यायला की सण. आई प्यायली की पोरीचे हाल.

हाल्वर : बरं, पण हात? हात तरी बघितला?

सिग्नी : फार दुखतंय म्हटलं, तर तिने मान वळवली. मग तुझे ते हसरे डॉक्टर आले. दारातूनच म्हणाले, "आम्ही इथे गोळ्या देत नाही." मी मागितल्या कुठे होत्या? मी म्हटलं, फोटो काढा. मुरगळलाय म्हणाले, घरी जा.

हाल्वर : मुरगळलेला हात असा निळा पडतो? ह्या गोळ्या घे. मला दिल्यात त्यांनी, न मागता. कडक आहेत म्हणे.

सिग्नी : खिशात ठेव.

हाल्वर : अगं, एकच घे. घरी जाईपर्यंत.

सिग्नी : ठेव म्हटलं ना, हाल्वर.

हाल्वर : ठेवल्या. मग चल परत आत.

सिग्नी : आता गेले तर म्हणतील, आलीच बघा गोळ्यांसाठी. आवाज चढवला की बालकल्याणवाल्यांना फोन. निघताना म्हणालीच ती नर्स, कळवावं लागेल का ते बघू. ऊनीला नेतील म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही. उलट आभार मानून आले. हा असला हात घेऊन, आभार मानून.

हाल्वर : बोटं हलव बघू.

सिग्नी : हलवतेच आहे.

हाल्वर : ऊठ. मी बोलतो त्यांच्याशी.

सिग्नी : तूच बोल. तोंडाला अजून वास मारतोय तुझ्या, पण तुझं ऐकतील.