सगळे, ओळखीचे, की कोणीच नाही?

…हसा, खुशाल हसा, पण त्या दातांच्या डॉक्टरांना हसू आलं नाही हो! माणूस निघालाय समारंभाला, बायको दारात चपला घालून उभी, घाईघाईत नवी पँट चढवतोय, डावा पाय सुळकन बाहेर आला, उजवा पाय आत जातोय, जातोय, आणि तळाशी जाऊन अडकला… कारण खालचं तोंडच शिवून बंद! आणि शिवलं कोणी? मी! इतकी वर्षं लोकांचे कपडे लांब-आखूड करते, चेन बदलते, कंबर सैल करते, म्हणजे आपली नाही हो, कपड्यांची, कधी टाका इकडचा तिकडे झाला नाही, आणि त्या दिवशी पट्टी दुमडून मशीनखाली घेतली न घेतली तोच फोन थरथरला, नजर गेली तिकडे, पाय राहिला पायडलवर, आणि मशीन निघालं आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

आणि थरथरला कशासाठी? तर चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी गुलाब पाठवला होता. खाली लिहिलेलं, 'शांत राहा, जग सुंदर आहे.'

तुम्हाला सांगते, माझं दुकान म्हणजे काय, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि मी. पाटीवर नंबर लिहिलाय, तो लिहावाच लागतो, नाहीतर लोकांना कळणार कसं की चेन बसवून झाली? पण नंबर लिहिला म्हणजे काय सगळ्या जगाला घरात बोलावलं का मी? आणि माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या, त्यामुळे मी कोणाला मध्येच तोडत नाही, त्यामुळे लोकांचा समज असा की हिला सगळं ऐकायला आवडतं!

आमची नणंद. ती लिहीत नाही, बोलून पाठवते. एकेक निरोप म्हणजे अख्खी उशीची खोळ शिवून होते. "वहिनी, तुला म्हणून सांगते हं, ग्रुपवर टाकलं नाही, फक्त तुला…" आणि मग संध्याकाळी ग्रुपवरची प्रत्येक बाई मला विचारते, "कळलं का हो? मला म्हणून सांगितलं त्यांनी!" दुसरा आमचा नळवाला. बिचारा गुणी. एकदा त्यानं मोरी दुरुस्त केली, मी सहज म्हटलं, छान केलंस हो. झालं! तेव्हापासून जिथे जिथे पाईप बसवील तिथला फोटो मला. "ताई, कसा वाटतोय?" आता पाईपला काय म्हणायचं असतं, सांगा ना? मी लिहिते, 'चकचकीत आहे.' की लगेच दुसरा. "ताई, हा बघा, कोपऱ्यातून वळवलाय!" आणि तिसरा एक, कोण कुठला देव जाणे, रोज सकाळी, "अभिनंदन! प्रिय ग्राहक, आपल्याला बक्षीस लागलं आहे." लागतंच आहे मेलं. रोज लागतंय.

तर डॉक्टर ती पँट हातात घेऊन दुकानात आले, आणि नुसती गल्ल्यापुढे धरली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! उसवून दिली, इस्त्री करून दिली, आणि तशीच उठले, शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हटलं, बाबा रे, हे बंद कर.

तो म्हणाला, "मावशी, हे अगदी सोपंय. हे बघा, इथे विचारतंय. तुम्हाला खासगी मेसेज, फोन कोण करू शकेल? सगळे, ओळखीचे, की कोणीच नाही?"

मी बघतच राहिले. अहो, माझ्याशी कोणी बोलावं आणि कोणी बोलू नये, हे जन्मात कोणी मला विचारलं होतं का? माहेरी नाही विचारलं, सासरी नाही विचारलं, आणि आज एक फोन विचारतोय! मला भरूनच आलं. तो म्हणाला, "मावशी, मागे लोक थांबलेत. सगळे, ओळखीचे, की कोणीच नाही?"

आता विचार करा तुम्हीच. सगळे म्हटलं तर आहेच की गुलाब. म्हणून म्हटलं, ओळखीचे बरं. आणि बोट टेकवणार तेवढ्यात डोक्यात उजेड पडला… अहो, नणंद ओळखीची! नळवाला ओळखीचा! मॅडम तर रोज जिन्यात भेटतात! छळणारे सगळेच्या सगळे ओळखीचेच आहेत, मग बाहेर राहिलं कोण? एक बक्षीसवाला, आणि दुसरी माझी मुलगी!

थांबा, मुलीचं सांगायलाच हवं. आमची चिऊ मालवाहू जहाजावर असते. यंत्रं सांभाळते तिथली, इंजिनात काम करते, कोपरापर्यंत काळी होऊन. जहाज जुनं, नेट काय ते एकट्या कप्तानाचं, त्यामुळे बंदर लागलं की ही खाली उतरणार, तिथलं कार्ड घेणार, माल चढेपर्यंत घटकाभर बोलणार, आणि जहाज सुटलं की ते कार्ड गेलं. म्हणजे दर वेळी नवा नंबर! पोटची पोर, पण फोनच्या हिशेबी कायम अनोळखी. नावसुद्धा लिहीत नाही. 'आई, मी. काय करतेस?' एवढंच. मी ओळखते. फोन नाही ओळखत!

म्हटलं, "अरे, चौथं काही नाही का यात? 'हिच्याशिवाय कोणी नको' असं काही?"

"नाही मावशी. तीनच आहेत."

तुम्ही म्हणाल, यजमानांच्या फोनवर करू दे की. आमच्या ह्यांचा फोन बटणांचा, आणि वर यांचं तत्त्व. "अनोळखी नंबर मी उचलत नाही." फार मोठं तत्त्व! आयुष्यात दुसरं एकही नाही, हे एक आहे. हे असं तत्त्व घेऊन बसले म्हणूनच मी इतकी वर्षं दार सताड उघडं ठेवलं ना!

पण त्या दिवशी डोळ्यांपुढे ती पँट. म्हटलं, जहाज आत्ता भर समुद्रात आहे, बंदर लांब आहे, तिनंच सांगितलंय. चार दिवस शांतता मिळू दे, मग उघडू. डोळे मिटले आणि बोट टेकवलं. कोणीच नाही.

काय सांगू तुम्हाला! काय ती शांतता! मशीनचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता, तो ऐकू आला. चहा गरम प्यायले. कात्री जागच्या जागी. नणंदेनं ह्यांच्या फोनवर फोन केला, "वहिनी, मेसेज जात नाही गं, काय झालं तुझ्या फोनला?" म्हटलं, "वन्सं, बिघडलाय." पहिल्यांदा खोटं बोलले आणि गोड वाटलं! नळवाला तर जातीनं आला, फोन हातात धरून. "ताई, फोटो जात नाहीये, म्हणून म्हटलं समक्षच दाखवतो." त्याला टाचण्यांतूनच म्हटलं, चकचकीत आहे. गेला खूश होऊन.

आणि मग एके दिवशी जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या मॅडम. मान वाकडी करून, अगदी हळू आवाजात, "मग? काय ठरवलंत हो मुलीचं?"

"मुलीचं? काय मुलीचं?"

"अहो, तिचा निरोप आला होता ना मला! मी लगेच तुम्हाला पाठवला. वैयक्तिक!"

मी पायरीवरच बसले. म्हटलं, "दाखवा."

इंजिन रुसलं होतं हो जहाजाचं. तिचंच इंजिन! म्हणून मध्येच एका बंदराला लावलं. आणि तिनं लिहिलेलं, 'काकू, आईला मेसेज जात नाहीये, फोन लागत नाही, बाबा उचलत नाहीत. आमचा करार संपलाय. पुन्हा सही करू की घरी येऊ, संध्याकाळपर्यंत सांगायचंय. आई ये म्हणाली तर येते. विचाराल का?' त्याखाली मॅडमचं उत्तर. 'हो बाळा, लगेच कळवते.' आणि एक गुलाब. त्याखाली चिऊ, 'काही म्हणाली का?' त्याखाली नुसतं, 'काकू?' आणि मग शेवटचं, 'बरं. असू दे. करते सही.'

मी म्हटलं, "अहो, दोनच मजले खाली आमचं घर, उतरून सांगायचं ना! दार वाजवायचं!"

"सांगितलं असतं हो," मॅडम म्हणाल्या, "पण खासगी बाब, जिन्यातून ओरडत कुठे यायचं? आणि तुम्ही काहीच उत्तर दिलं नाहीत, मला वाटलं, रागावला असाल मुलीवर. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं?"

गुलाब पाठवायला लाज नाही, दार वाजवायला लाज! घरी येऊन ह्यांना विचारलं, फोन आला होता का कुठला? म्हणाले, "आला होता की. सारखा वाजत होता. अनोळखी होता." आणि पेपर उलटला.

त्या नंबरवर मी लिहिलं, 'ये गं, ये, कशाला विचारतेस?' गेलंच नाही. कार्ड बंद. जहाज सुटलं. आता पुन्हा तो नवा करार संपेपर्यंत समुद्र, आणि मध्ये कधी कुठलं बंदर लागेल, कुठला नंबर असेल, कोणाला ठाऊक?

तशीच गेले दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं विचारलंसुद्धा नाही. सगळे, ओळखीचे, की कोणीच नाही… त्यानं माझा चेहरा बघितला आणि 'सगळे'वर बोट ठेवलं. धडाधड आले हो! गुलाब आले, पाईप आले, नणंद आली. येऊ देत. आता फोन थरथरला की मी पाय पायडलवरून आधी उचलते, मग बघते. आणि अनोळखी नंबर दिसला की काहीही लिहिलेलं असो, मी पहिलं हेच लिहिते, 'चिऊ, घरी ये. जेवलीस का?' एका गृहस्थांना चेन बसवून हवी होती, ते बिचारे दुकानात यायचेच बंद झाले. एका बाईंनी लिहिलं, चुकीचा नंबर. बाकीच्यांनी काहीच नाही.

आणि तो बक्षीसवाला. 'अभिनंदन, प्रिय ग्राहक.' त्यालाही तेच लिहिलं, घरी ये, जेवलीस का? मग आलं, 'हो, जेवलो. तुम्ही?'

आता रोज विचारतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "मावशी, फसवणारा माणूस आहे, पैशाचं काही बोलू नका, आत्ताच्या आत्ता ब्लॉक करा." नाही बोलत मी पैशाचं. पण ब्लॉक कसा करू? इतक्या सगळ्यांत उलटून विचारणारा तो एकटाच निघाला हो!

ओळखीच्यांत टाकलाय मी त्याला.